गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: पुर्जे बदलण्याआधी घड्याळ बघा

कित्येक वर्षं उभी असलेली गाडी घरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त केली, इंजिन छान सुरू झालं, चाचणीसाठी रस्त्यावर काढली आणि वीस-पंचवीस मिनिटांत ती गप्प झाली. बॉनेट उघडून सगळीकडे हात फिरवला, कुठे काही सापडलं नाही. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर काहीच झालं नसल्यासारखी सुरू. पुढे वीस मिनिटांनी पुन्हा तेच. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा पुर्जा) यांच्या जमान्यातल्या पेट्रोल गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे. चकवतेही फार, कारण गाडी घरी आणून तपासायला घेतली की सगळं जागच्या जागी दिसतं.

मी या दुखण्यामागे जवळजवळ एक वर्ष होतो. पहिल्याच आठवड्यात कॉइल (ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी गुंडाळी), कंडेन्सर, पॉइंट आणि प्लग एका दमात बदलून टाकले. गाडी त्या दिवशी चाळीस मिनिटं चालली, मला वाटलं सुटलो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बंद पडली. आता चार नवे पुर्जे लागलेले, त्यांपैकी कोणता चांगला आणि कोणता मुळातच खराब हेही कळायला मार्ग नाही. म्हणून पहिली विनंती हीच, की दोष नक्की होईपर्यंत एकही पुर्जा बदलू नका. बदलावाच लागला तर एका वेळी एकच बदला, आणि काढलेला जुना पुर्जा चिठ्ठी लावून जपून ठेवा.

माझा तपास मार्गी लागला तो धाकट्या भावामुळे. तो शेजारच्या सीटवर बसून वेळ मोजत होता. गाडी बंद पडली, मी बॉनेट उघडलं, बंद केलं, सहज किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली. तो म्हणाला, "दादा, तीन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. एवढ्यात इंजिन थंड कसं होईल?"

खरंच, कसं होईल? तापलेलं लोखंडी इंजिन तीन मिनिटांत थंड होत नाही. उलट बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि बॉनेटखालची हवा पुढची दहा-पंधरा मिनिटं आणखी तापते. म्हणजे 'थंड झाली की चालू होते' हे वाक्य मी महिनाभर ज्याला-त्याला सांगत होतो, तेच चुकीचं होतं. गाडीला थंडावा नको होता, नुसती विश्रांती हवी होती. या दोन गोष्टींची कारणं अगदी वेगळी असतात.

तेव्हापासून मी बंद पडलेल्या गाडीजवळ आधी घड्याळ लावतो. दोन मिनिटांनी एक प्रयत्न, पाच मिनिटांनी एक, मग दहा, वीस, चाळीस. दोन ते पाच मिनिटांत सुरू झाली तर पेट्रोल पुढे येत नाहीये असं समजून टाकीपासून सुरुवात करतो. इंजिन थांबलं की नळीतली ओढ सुटते, अडकलेलं मोकळं होतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत (त्यातल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पुन्हा थोडं पेट्रोल जमतं. वीस-चाळीस मिनिटं काही केल्या सुरू होत नसेल, तर उष्णतेने बिघडणारं काहीतरी आहे. त्यात कंडेन्सर किंवा कॉइलचा संशय पहिला. याला अपवाद असतात, पण दिशा बहुतेक वेळा बरोबर निघते.

बंद पडल्या पडल्या काय बघायचं

दोष दिसतो तो गाडी बंद पडलेली असतानाच. त्यामुळे चाचणीला जाताना एक जादा स्पार्क प्लग, जंप लीडची एक वायर, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर, जुना पण खात्रीचा कंडेन्सर, फडकं आणि पाण्याची बाटली सोबत हवी. आग विझवायचं सिलिंडरही हवं, आणि ते डिकीच्या तळाशी पुरून न ठेवता हाताशी ठेवा. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावल्याशिवाय मात्र कशालाच हात लावू नका.

ठिणगी नेहमी पेट्रोलच्या आधी तपासा. हा क्रम चुकवू नका. आधी पेट्रोलची नळी काढलीत, चार थेंब सांडले आणि मग त्यावरच ठिणगी पाडून बघितलीत, तर गाडी जळू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि लवकर हलत नाही.

कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डब्याच्या) टोपीतून काढा, जादा प्लगला लावा, आणि प्लगचं आट्यांचं अंग जंप लीडने इंजिनच्या उघड्या धातूला जोडा. कार्ब्युरेटरपासून दूर, आणि प्लग हातात न धरता. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. निळसर पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी आली तर त्या बाजूने निश्चिंत व्हा. पिवळी, बारीक, चुकतमाकत येणारी ठिणगी म्हणजे ठिणगी नाहीच असं समजा, कारण सिलिंडरमधल्या दाबाखाली ती टिकणार नाही.

ठिणगी चांगली असेल तर स्विच बंद करा, एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरचा दांडा एकदा पूर्ण दाबा. ज्या कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप आहे, त्यात बारीक धार उडालेली स्पष्ट दिसते. धार नाही म्हणजे वाटी रिकामी. ॲक्सिलरेटर पंप नसलेला प्रकार असेल तर वाटीचं झाकण उघडूनच बघावं लागतं. या दोन तपासण्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि पुढच्या अर्ध्या गोष्टी तिथेच बाद होतात.

टाकी: माझ्या गाडीचा खरा आजार

वाटी रिकामी निघाली की बहुतेकांचा हात पंपाकडे जातो. मी तर म्हणेन आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका. सुस्कारा टाकल्यासारखा हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर टाकीला श्वास घेता येत नाहीये. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. दुरुस्तीला काढलेल्या गाड्यांमध्ये हे फार होतं. जुनं छिद्राचं झाकण जाऊन नवं चकचकीत, पण बिनछिद्राचं झाकण येतं. नाहीतर टाकीला रंग मारताना हवेची बारीक नळी रंगानेच बुजते. झाकण एक वळसा सैल ठेवून चालवून बघा. टाकी अर्धीच भरलेली असू द्या, म्हणजे पेट्रोल बाहेर हिंदकळणार नाही. दोष गेला तर कारण सापडलं.

माझ्या टाकीत सुस्काऱ्याचा आवाज नव्हता. मग पंपाकडे येणारी नळी पंपापाशी सोडवली आणि सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हलकेच हवा सोडली, झाकण उघडं ठेवून. पहिल्या दोन फटक्यांना पंपाचा दांडा जड लागला. तिसऱ्याला आत काहीतरी सुटल्याचं हाताला जाणवलं आणि टाकीतून बुडबुड्यांचा आवाज आला. घरी आणून टाकी उतरवली, रिकामी करून उजेडात तिरपी धरली. तळाशी गेरूच्या चिखलासारखा बारीक गाळ होता. त्यात अंगठ्याच्या नखाएवढा गंजाचा एक पापुद्रा, कागदासारखा पातळ आणि एका बाजूने किंचित वाकलेला. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर तो जाऊन बसत होता. इंजिन चालू असेपर्यंत ओढीने चिकटून राहायचा, इंजिन थांबलं की दोन मिनिटांत गळून पडायचा. वीस मिनिटं चालल्यावरच तो नळीपर्यंत का पोचायचा हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. पण टाकी साफ केल्यावर तो दोष पुन्हा आला नाही.

टाकी मी आधीही धुतली होती, पण नुसत्या पेट्रोलने. त्याने गंज निघत नाही, सैल होऊन पुढच्या कामासाठी तयार मात्र होतो. नीट करायचं तर टाकी उतरवा, पेट्रोल काढा, साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन वास पूर्ण घालवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा यांचं जळण्याजोगं मिश्रण उरतं. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ती पेट घेऊ शकते. धुतलेल्या टाकीलाही स्वतः वेल्डिंग करू नका.

मग आत वीस-पंचवीस नट-बोल्ट किंवा साखळीचा तुकडा टाका, थोडं पाणी घाला आणि टाकी सगळ्या कुशींवर हलवत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण पापुद्रे यानेच सुटतात. त्यानंतर सायट्रिक ॲसिडचं पाणी किंवा पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा, अधूनमधून आत डोकावा, राखाडी स्वच्छ धातू दिसला की काढा. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आम्ल मरतं. मग साध्या पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडी करा, कारण उघडा पडलेला धातू तासाभरातच पुन्हा तांबूस होतो. हेअर ड्रायर किंवा व्हॅक्युम क्लीनरची उलटी हवा चालते, पण पेट्रोलचा वास शिल्लक असेल तर दोन्ही लांब ठेवा. शेवटी थोडं पेट्रोल आणि ऑइल आत फिरवून घ्या.

टाकीच्या आत लेप देणारी रसायनं मिळतात. टाकीला बारीक भोकं पडली नसतील तर मी त्या वाटेला जात नाही. धातू तंतोतंत कोरडा आणि तेलमुक्त नसेल तर लेप काही वर्षांत सुटतो, आणि त्याचे पापुद्रे गंजापेक्षा चिवट असतात.

टाकी बसवताना रबरी नळ्याही बदला. पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आतून फुगवतं. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. अशी नळी मी लांबीत चिरून पाहिली आहे, आतली वाट काडीएवढी उरली होती. नवी घेताना इथेनॉल चालणारी घ्या, नळीवर एसएई जे३० आर९ असा छाप बघा. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिले काही महिने दर चाचणीनंतर त्यात डोकवा. गाळ दिसतोय का, हे त्याच्याइतकं चटकन कुठेच कळत नाही.

ठिणगी गायब होत असेल तर

टाकी झाली, गाडी तीन महिने बिनतक्रार चालली, आणि एके दिवशी पुन्हा बंद पडली. पण या वेळी पाच मिनिटांनी सुरू झाली नाही, दहा मिनिटांनीही नाही. पस्तीस मिनिटांनी झाली. लक्षण बाहेरून तेच, घड्याळ मात्र वेगळं सांगत होतं. प्लग जोडून बघितलं तर ठिणगी पिवळी आणि अशक्त. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून स्टार्टर मारला तेव्हा पॉइंटच्या मध्येच भरभरून ठिणग्या उडत होत्या, आणि पॉइंटची तोंडं काळी पडली होती. हे कंडेन्सर गेल्याचं अगदी नेहमीचं चित्र.

पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह झटकन तुटायला हवा, तो जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. कंडेन्सर तो क्षण सांभाळतो, नाहीतर प्रवाह पॉइंटच्या फटीतूनच उडी मारून वाहत राहतो. त्याची धारणक्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते. मल्टिमीटरवर ती बरोबर आली तरी विश्वास ठेवू नका. मीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो, आणि पॉइंट उघडताना कंडेन्सरवर काहीशे व्होल्ट येतात. त्या दाबाखाली, तेही तापलेला असताना, आतलं इन्सुलेशन फुटतं. माझा मेलेला कंडेन्सर थंड असताना मीटरवर अगदी सुदृढ दिसत होता. वर्कशॉपमध्ये इंजिन चालू ठेवून हेअर ड्रायरने तो तापवला, तेव्हा चार मिनिटांत इंजिन मिसिंग करायला लागलं. ही युक्ती कामाची आहे, पण दारं सताड उघडी ठेवून, शक्यतो गाडी बाहेर काढूनच करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हा कंडेन्सर म्हणजे मी पहिल्या आठवड्यात घातलेला 'नवा'. नवा पुर्जा चांगलाच असेल असं धरून चालू नका. काढलेला जुना कंडेन्सर मी चिठ्ठी लावून ठेवला होता. तो परत बसवला, आज तोच चालतो आहे.

कॉइल हाताला न धरवण्याइतकी तापत असेल तर ती गाडीला साजेशी आहे का हे तपासा. बारा व्होल्टच्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह आटोक्यात ठेवणारा रोध) नसेल तर कॉइलच्या दोन लहान टोकांमध्ये साधारण ३ ओहम दिसायला हवेत. बॅलास्ट असेल तर दीड ओहमच्या आसपास. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर पॉइंट मिटलेले असताना ४ ऐवजी ८ अँपिअर वाहतात, ४८ वॉटऐवजी ९६ वॉट उष्णता तयार होते. अशी कॉइल सुरुवातीला सुरेख ठिणगी देते आणि अर्ध्या तासात दमते, पॉइंटही जाळते. वायरिंग नवीन करताना ही चूक सहज होते, कारण कित्येक गाड्यांत बॅलास्ट म्हणजे वेगळा पुर्जा नसून एक खास वायरच असते. ती जुनाट दिसली म्हणून साधी वायर टाकली की झालं. (किल्ली स्टार्टरवर धरून ठेवली तोवर इंजिन चालतं आणि किल्ली सोडताच मरतं, असं असेल तर उलट बॅलास्ट तुटला आहे.) इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवायची सवयही सोडा, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल फुकट भाजत राहते.

डिस्ट्रिब्युटरच्या आत अंगठ्याएवढ्या लांबीची एक मऊ, विणलेली अर्थची (प्रवाहाच्या परतीच्या वाटेची) वायर असते. ती हलत्या तबकडीला बाहेरच्या डब्याशी जोडते. व्हॅक्युम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारा भाग) दर वेळी तबकडी ओढतो, तशी ती वायर वाकते आणि वर्षांनी आतल्या तारा तुटतात. वरचं कापडी आवरण शाबूत असल्याने डोळ्यांना काही दिसत नाही. चिमट्याने हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आत तार उरलेली नाही. पॉइंटला येणाऱ्या वायरचंही तसंच. मीटर लावून ठेवा, व्हॅक्युमची नळी तोंडाने ओढून तबकडी हलवा आणि काटा किंवा आकडा हलतोय का बघा.

रंगाखाली दडलेली अर्थ

हा दोष दुरुस्तीतूनच जन्माला येतो आणि बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बॉडी पूर्ण खरवडून, प्रायमर आणि रंगाचे थर चढवून, मग त्यावर अर्थची पट्टी आवळली जाते. रंगातून वीज वाहत नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वाहते, तापली की तीही कमी. इंजिन आणि बॉडी यांच्यात नीट पट्टी नसेल तर स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर ती केबल गरम लागली तर समजून घ्या.

मोजायची रीत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खांबावर (क्लॅम्पवर नको, खुद्द खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टीखालचा रंग चकाकता धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या स्विचकडच्या टोकापर्यंतही असंच मोजा, स्विच चालू आणि पॉइंट मिटलेले असताना. मध्ये बॅलास्ट असेल तर त्याच्या आधीपर्यंतच मोजा. जुन्या गाड्यांपैकी काहींत धन टोक अर्थला जोडलेलं असतं, जोडण्याआधी आपली कोणती हे पाहून घ्या.

व्हेपर लॉकबद्दल (उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण गाडी गरम झाल्यावर बंद पडली की त्याचंच नाव आधी निघतं. तो खरा असतो, पण क्वचित. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि पंपाच्या ओढीने नळीतला दाब कमी झाला की आणखी लवकर. खात्री करायला बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते पंपावर आणि नळीवर गुंडाळा, वायरिंगवर पाणी पडू देऊ नका. दोन मिनिटांत पेट्रोल येऊ लागलं तर निदान पक्कं. मग नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा, मध्ये पत्र्याचा आडोसा करा, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा घाला. चालताना नीट असणारी गाडी उभी करून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर ती वेगळी गोष्ट. वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत) सांडलेलं असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा.

दुरुस्ती झाल्यावरची चाचणी मी तीन भागांत करतो. टाकी भरलेली असताना सलग तासभर चालवतो. मग टाकी पाव भरलेली असताना तेवढंच, कारण गाळ असला तर तेव्हाच उघडा पडतो. आणि शेवटी तापलेलं इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून, पुन्हा सुरू करून बघतो. प्रत्येक वेळी वहीत वेळ, हवेचं तापमान आणि टाकीतलं पेट्रोल लिहून ठेवतो. ती वही गाडीच्या कप्प्यातच असते.